टोपली उचलण्याआधी

वेळासच्या पुळणीवर सकाळी सातच्या सुमाराला दोरीपाशी माणसं उभी राहतात, तेव्हा समुद्राकडे कुणाचंच लक्ष नसतं. नजरा असतात जाळीच्या कुंपणाआत, वाळूवर ओळीने पालथ्या घातलेल्या टोपल्यांवर. प्रत्येक टोपलीशेजारी एक छोटी पाटी: अंडी कधी सापडली, किती होती, इथे कधी पुरली. कासवमित्र आत जातो, पहिली टोपली उचलतो. वाळू सपाट. टोपली पुन्हा जागच्या जागी. दुसरी, तिसरी, चौथी, तेच. पाचवीपाशी मात्र तो गुडघ्यावर बसतो. पिल्लू एकही नाही, पण मधली वाळू ताटलीएवढी खचली आहे. त्या खळग्याच्या कडेवरून तो हळूच बोट फिरवतो, टोपली ठेवतो आणि उठून सांगतो, आज संध्याकाळी, नाहीतर उद्या.

मागच्या रांगेत कुरकुर सुरू होते. लोक रात्रभर गाडी चालवून पुण्या-मुंबईहून आलेले असतात, दुपारी परत निघायचं असतं, आणि पोरांना कासव दाखवायचं कबूल केलेलं असतं.

माझं मन त्या खळग्यात अडकलं. चहाच्या वेळी त्या माणसाला गाठून विचारलं, तर त्याने हातातली कपबशी बाजूला ठेवून वाळूत बोटाने आकृतीच काढली. खड्डा दीड फूट खोल, तोंड अरुंद, पोट माठासारखं फुगलेलं. आत शंभराच्या आगेमागे अंडी. ती फुटली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर दाटीवाटीने पडलेली. सगळ्यात वरची छताची वाळू खरवडतात, ती खाली गळते, खालची तीच तुडवून पायाखाली घेतात. त्यामुळे छत वर सरकतं आणि जमीनही वर सरकते. अख्खा घोळका असा दोन-तीन दिवसांत वर चढतो. एकट्यादुकट्या पिल्लाला ते साधणं अवघड. वरची वाळू तापलेली लागली की घोळका थांबतो, गार झाली की बाहेर पडतो. म्हणून टोपल्या उचलायच्या त्या सकाळी उन्हं चढायच्या आत आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर. वरची वाळू खचली याचा अर्थ खालून छत कोरायचं काम सुरू आहे.

सांगणारा माणूस गावचाच. बोलताना एकदाही ‘तापमान’ म्हणाला नाही, ‘वाळूचा ताव’ म्हणाला. समुद्रविज्ञान लोकांपर्यंत कसं न्यायचं यावर परिसंवाद पुष्कळ होतात. एका गावाने वीसेक वर्षांत ते कसं नेलं, आणि त्यामागे चिपळूणची एक संस्था कशी उभी होती, ही वाटचाल मात्र लोकांना अर्धीमुर्धीच ठाऊक आहे.

सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था 1992 साली चिपळुणात सुरू झाली. भाऊ काटदरे हे तिच्यामागचं नाव. विद्यापीठाचा विभाग नाही, सरकारी प्रयोगशाळा नाही. तालुक्याच्या गावातली, निसर्गाचं वेड असलेली चार माणसं एकत्र येतात तशी ती आली. अशा संस्था महाराष्ट्रात डझनांनी निघतात, आणि वृक्षारोपणाचे दोन फोटो वर्तमानपत्रात छापून आले की बऱ्याच थकतात. ही थकली नाही, याचं एक कारण मला असं दिसतं की तिने सुरुवातीलाच मोजायचं काम अंगावर घेतलं. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची पाहणी हे त्यातलं एक. हा पक्षी उंच झाडावर काटक्यांचं भलं मोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यात येतो. झाड बहुतेक वेळा कुणाच्या तरी परड्यातलं. घरटं मोजायचं तर परड्याच्या मालकाशी बोलायला हवं, त्याच्या ओटीवर बसायला हवं, आणि झाड तोडू नका हे त्याला पटेल अशा भाषेत सांगायला हवं. संस्थेच्या कामाचा पुढचा सगळा ढंग या ओटीवरच्या बसण्यात ठरला असावा.

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, गुहेत लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांसाठीही संस्था राबली. त्या घरट्यांना परदेशात सूप करण्यासाठी मोल मिळतं, त्यामुळे चोरी. ती गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. इथे एवढंच, की किनारा पायाखाली घालण्याची सवय लागली होती, आणि त्याच फिरण्यातून 2002 साली वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफलं डोळ्यांत भरली.

वेळास मंडणगड तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिथून जवळच. नाना फडणविसांचं गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव येतं. त्यापलीकडे बाहेरच्या माणसाला तिथे जायचं कारण नव्हतं. नारळी-पोफळी, आंबा, कौलारू घरं, सुरूचं बन आणि पलीकडे लांबलचक मोकळी पुळण.

त्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री चढत आणि अंडी घालून जात, हे गावाला कुणी शिकवायला नको होतं. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येच्या मुखाशी याच जातीच्या माद्या हजारो-लाखोंनी एका वेळी येतात. कोकणात एकेकटी येते, आज एक, चार दिवसांनी दुसरी. नोव्हेंबर ते मार्च हा साधारण हंगाम. पहाटे वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण दिसली की जाणकार माणूस त्या खुणेचा माग काढत वर जाई, काठी टोचत टोचत भुसभुशीत जागा शोधी आणि खड्डा उकरी. अंडी खाल्ली जात, विकली जात. माणसांतून उरली ती कुत्र्यांची आणि कोल्ह्यांची. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण कायदा मुंबई-दिल्लीत, आणि कासव मध्यरात्री वेळासला.

संस्थेपुढे तेव्हा दोन वाटा होत्या. वन खात्याला कळवून अंडी काढणाऱ्यांना पकडून द्यायचं, ही पहिली. दुसरी अशी, की अंडी सापडतात कशी हे ज्यांना सगळ्यात चांगलं कळतं त्यांनाच अंडी राखायला सांगायचं. संस्थेने दुसरी धरली. मला यात नुसता चांगुलपणा दिसत नाही, व्यवहारही दिसतो. भरतीच्या रेषेपासून मादी किती वर चढते, खूण खरी की मादी अंडी न घालताच परत फिरली, नेमकं पोट कुठे आहे, हे चिपळूणहून आलेल्या माणसाला पुस्तकातून कळायला वर्षं गेली असती. हे ज्ञान गावातच होतं. त्याचा वापर तेवढा बदलायचा होता.

बदलताना काही गोष्टी मात्र बाहेरून शिकवाव्या लागल्या. अंडी राखायला कुंपणाआत नव्या जागी न्यायची तर ती सापडल्यावर फार वेळ काढायचा नाही, आणि उचलताना अंडं फिरवायचं नाही. कोंबडीचं अंडं आई स्वतः उलटसुलट करत असते. कासवाच्या अंड्यात मात्र घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटू लागतो, आणि अंडं उलटलं तर तो दगावतो. म्हणून जी बाजू वर होती तीच वर राहिली पाहिजे, बादलीतही आणि नव्या खड्ड्यातही. नवा खड्डा मादीने खणला असता तसाच हवा, तेवढाच खोल, तेवढ्याच पोटाचा. मादी मागच्या वल्ह्यांनी, न बघता तो खणते. माणूस पालथा पडून कोपरापर्यंत हात घालून खणतो आणि तरी त्याचा वाकडा होतो.

पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून जास्त पिल्लं समुद्रात गेली. हा आकडा संस्थेने मिरवला, आणि मिरवावा असाच तो होता. पण त्यातली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: पहिल्या वर्षापासून नोंद ठेवली गेली. तारीख, जागा, अंडी किती, पिल्लं किती. आज पाटीवर जे लिहिलेलं दिसतं, त्याची सवय तेव्हाची.

चार-पाच हंगाम असेच गेले. रात्री गस्त, दिवसा राखण, खर्च देणग्यांतून. 2006 च्या सुमाराला कासव महोत्सवाची कल्पना निघाली. पिल्लं समुद्रात जाताना लोकांना बघू द्यावं, लोक गावातल्या घरीच उतरावेत, पैसा गावात राहावा, म्हणजे कासव जगण्यात गावाचा रोकडा फायदा होईल. आज हे ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा शहरातली अनोळखी माणसं पैसे घेऊन घरात झोपवायची, हे गावाला नवीनच होतं. पडवीत सतरंज्या, मागच्या बाजूला न्हाणीघर, केळीच्या पानावर भात-आमटी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. हॉटेल नाही. चादर मऊ नाही, अशी तक्रार कुणी केली तर काकू हसून दुसरी चादर आणून देत, तीही तितकीच खरखरीत. या महोत्सवाची खरी व्यवस्थापक मंडळी स्वयंपाकघरात होती, आणि कासवाबद्दल पाहुण्यांच्या पहिल्या शंका तिथेच फिटत.

‘महोत्सव’ या शब्दाशी मात्र माझं थोडं भांडण आहे. महोत्सव म्हटलं की मराठी माणसाला मांडव दिसतो, ध्वनिवर्धक ऐकू येतो, प्रमुख पाहुणे येतात. इथे यातलं काही नाही. संध्याकाळी माहितीपट, सकाळी टोपल्या, बस्स. आणि टोपलीखाली काही असेल याची हमी नाही. अंडी घातल्यापासून पिल्लं निघेपर्यंत पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. अंतर एवढं मोठं, कारण वाळू गार असली की वाढ सावकाश होते, तापली की झपाट्याने. त्यामुळे पाटीवरच्या तारखेवरून अंदाज बांधता येतो, वायदा करता येत नाही. पहिल्या काही वर्षांत पाहुण्यांना हे समजावताना कार्यकर्त्यांचा जीव मेटाकुटीला येई. लोक म्हणत, पैसे भरून आलोय.

इथे एक मोह आडवा येतो आणि तो साधा नाही. पिल्लं पहाटे वर आली आणि प्रेक्षक नऊला येणार असले, तर राखून ठेवायला काय हरकत आहे? टोपलीत ठेवली की झालं. पण अंड्यातला शेवटचा बलक पोटात घेऊन पिल्लू बाहेर येतं. पहिले एक-दोन दिवस न खाता, न थांबता पोहत खोल समुद्र गाठायचा, त्यासाठी ती शिदोरी असते. टोपलीत धडपडण्यात ती खर्ची पडते. म्हणजे प्रेक्षकांची सोय पिल्लाच्या पोटातून वजा होते. ही गोष्ट लोकांना स्पष्ट सांगितली की बहुतेक जण गप्प होतात, आणि त्यातले काही पुढच्या वर्षी पुन्हा येतात. रिकामी टोपली बघून परत गेलेला माणूस वाळू, ऊन आणि अंडं यांचं नातं कायमचं शिकून जातो, असं माझं मत आहे. पिल्लं बघून गेलेल्याकडे फोटो असतात.

1951 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हा समुद्र लोकांना दाखवायचा म्हणजे मासे काचेमागे शहरात आणायचे, अशी रीत होती. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी समुद्रातला मासा जिवंत पाहिला तो तिथेच, मीही त्यातलाच. ती रीत वाईट नव्हती. पण तिथे मासा बारा महिने चोवीस तास हजर असायचा, त्याला ऋतू नव्हता, भरती-ओहोटी नव्हती. वेळासने नेमकं उलटं केलं, माणसाला उचलून वाळूवर आणलं आणि थांबायला लावलं. 2017 पासून मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या मंडळींनी गिरगाव, जुहू, हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी लोकांना फिरवायला सुरुवात केली, त्यातही हेच आहे. वेळ ओहोटी ठरवते, तुम्ही सुट्टी काढून यायचं.

वेळासला सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक मला खटकायची. हजारातलं एक पिल्लू वाचतं, हे वाक्य प्रत्येक माहितीपटात असतं, प्रत्येक कासवमित्राच्या तोंडी असतं. हा आकडा अंदाजाचा आहे. पिल्लू समुद्रात शिरल्यापासून मादी होऊन परत येईपर्यंतची दहा-पंधरा वर्षं मोजणार कोण? पण लोक ज्या गांभीर्याने ते ऐकतात, ते बघून माझा विरोध मावळला. दोरीपाशी उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांना मास्तरांनी समोरची पिल्लं मोजायला लावली, तर हजाराला किती रात्री लागतील याचा हिशेब पोरं आपणच करतात. ‘साधारण’ हा शब्द पुढे जोडला तर माझी काहीच तक्रार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. तळ्यातलं, विहिरीतलं, समुद्रातलं, सगळ्याला आपण कासवच म्हणतो. त्यात कोकणात प्रत्येक देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव. त्याला चार पाय, आणि मान आत ओढता येईल अशी ढाल. समुद्री कासवाला पायांऐवजी वल्ही असतात, आणि मान किंवा वल्ही आत घेता येत नाहीत. हा फरक पुस्तकी वाटतो, पण किनाऱ्यावर सापडलेलं पिल्लू घरी आणून गोड्या पाण्याच्या बादलीत सोडणारी दयाळू माणसं याच गोंधळातून निर्माण होतात. त्यांना वाटतं, कासव म्हणजे पाणी. देवळातल्या कासवाने लोकांच्या मनात जागा आधीच करून ठेवली होती, हा संस्थेचा फायदा. त्या जागेवर बसलेला प्राणी वेगळा होता, ही अडचण.

अंडी घालताना मादीच्या डोळ्यांतून पाणी गळतं, त्याचंही तसंच. बघणाऱ्याला वाटतं, वेणांनी रडते आहे. ते खारं पाणी पिणाऱ्या प्राण्याचं जादा मीठ असतं, डोळ्याजवळच्या ग्रंथींतून समुद्रातही सतत बाहेर पडतं, फक्त तिथे दिसत नाही. हे ऐकून चेहरे जरा उतरतात. मग खड्डा बुजवल्यावर मादी अख्ख्या अंगाने डुलत वाळू कशी थोपटते, धप धप असा आवाज कसा येतो, हे कासवमित्र हातांनी करून दाखवतो आणि मंडळी पुन्हा खुलतात.

वेळासचं बघून इतर किनारे जागे झाले. दापोली तालुक्यातलं आंजर्ले हे त्यातलं ठळक नाव. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या कितीतरी पुळणींवर जाळीची कुंपणं उभी राहिली. राज्याच्या वन विभागात 2012 साली कांदळवन कक्ष निघाला, पुढे कांदळवन प्रतिष्ठान आलं, आणि कासवांचं काम हळूहळू वन विभागाच्या आणि गावांच्या हाती गेलं. स्वतः लावलेलं काम दुसऱ्याच्या हाती देताना संस्था खळखळ करतात, नावाच्या पाट्यांवरून भांडतात. इथे गावच इतकं तयार झालं होतं की कुंपणावर पाटी कुणाची लागते यावर फारसं अवलंबून राहिलं नाही. संस्था पुढे खवले मांजराच्या मागे लागली. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात तिने खवलोत्सव केला, खवले मांजराची पालखी काढली. शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या कोकणात हे बरोबर ओळखलं म्हणायचं.

सगळंच गोड झालं असं नाही. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. फ्लॅश मारू नका असं दहादा सांगूनही मारणारे निघतात. पिल्लू सगळ्यात उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धाव घेतं, रात्री ते क्षितिज समुद्रावरचं असायला हवं, आणि किनाऱ्यालगत नवा दिवा लागला की पिल्लाचं गणित चुकतं. कासवावर पोट भरायला आलेल्या माणसाला पहिला दिवा कासवामुळेच परवडतो, ही यातली मेख. 2020 ने तर दोन तडाखे एकदम दिले. मार्चमध्ये, ऐन हंगामात, टाळेबंदी आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ. मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरची कौलं उडाली, पाहुण्यांसाठी रचलेली चार घोंगडी भिजली. बाग पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात. गस्त मात्र पुढच्या हंगामात पुन्हा सुरू झाली.

याच सुमाराला ‘कासव’ नावाचा सिनेमाही लोकांना माहीत झाला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, 2017 साली सुवर्णकमळ मिळवलेला. तो खरं म्हणजे माणसाच्या मनाच्या दुखण्याबद्दल आहे, कासव त्यात मागे आहे. पण कोकणातल्या किनाऱ्यावर कुणीतरी कासवाची अंडी राखतं, हे त्यामुळे अनेक घरांत पोचलं.

गोष्टीने खरी उडी घेतली ती जानेवारी 2022 मध्ये. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र चिकटवलं गेलं. काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचं आणि कांदळवन विभागाचं. मादीचं नाव ठेवलं प्रथमा. त्यापाठोपाठ आंजर्ल्याला सावनी, मग गुहागरला वनश्री, रेवा, लक्ष्मी. मादी श्वासासाठी वर आली आणि यंत्राची तार पाण्याबाहेर निघाली की ठिकाण कळतं, खाली गेली की शांतता. वीस वर्षं वेळासच्या लोकांनी मादीला पाण्यात शिरताना पाहिलं होतं, आणि तिथे त्यांची गोष्ट संपत होती. आता ती नकाशावर पुढे चालू झाली. प्रथमा उत्तरेला गुजरातकडे गेली. गावात लोक एकमेकांना विचारू लागले, आज कुठे आहे? सासरी गेलेल्या मुलीची चौकशी करावी तशी.

नावं ठेवण्याला काही शास्त्रज्ञ नाकं मुरडतात. क्रमांक पुरेसा असतो, हे खरं. पण क्रमांकाची चौकशी चहाच्या टपरीवर होत नाही.

2023 मध्ये गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या. बागेश्री दक्षिणेला उतरत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली, आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, पूर्व किनाऱ्याची वेगळी, अशी जी सोयीची समजूत होती तिला धक्का बसला. मग जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्याच किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्याला धातूची पट्टी दिसली. पट्टीवर 03233. ती 2021 च्या मार्चमध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेली निघाली. भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर. एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालते, याचा तो पुरावा होता. अशा किती असतील, हे एका पट्टीवरून सांगता येत नाही, आणि ज्यांच्याकडून मी ही बातमी ऐकली त्यांनी तसं सांगितलंही नाही. हिला आकडाच पुरला, नाव नसतानाही ती गाजली. आधीचं माझं टपरीवरचं विधान तेवढं मागे घेतो.

मी गेलो तेव्हाची ती पाचवी टोपली संध्याकाळी भरली. टोपली उचलली तेव्हा करड्या-काळ्या पिल्लांचा ढीग एकमेकांवर चढत होता, आणि दोरीपाशी आपोआप शांतता झाली. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली, म्हणजे ती स्वतः चालत जावीत. एकाने वाट चुकून लाकडाच्या ओंडक्याला धडका मारल्या. पोरं ओरडली, त्याला उचला. उचललं नाही. त्याने त्याचं वळण घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या रिकाम्या होत्या आणि लोक लवकर पांगले, नाश्त्याला घावणे होते. कुंपणाआत कासवमित्र दोन दिवसांपूर्वी फुटलेलं एक घरटं उकरत बसला होता. खांद्यापर्यंत हात घालून तो चामड्यासारखी मऊ, सुरकुतलेली टरफलं मुठीमुठीने काढत होता आणि वाळूवर दहादहाचे ढीग लावत होता. न फुटलेली अंडी वेगळी, आत मेलेली पिल्लं वेगळी. वास येत होता. फक्त सात-आठ वर्षांची एक मुलगी थांबली होती, तिने विचारलं की मोजू का, आणि तो जरा सरकून बसला. चाळिसाच्या पुढे कुठेतरी दोघांचे आकडे जुळेनात. त्याने सगळे ढीग मोडले, टरफलं पुन्हा एकत्र केली आणि म्हणाला, चल, पहिल्यापासून.